देणारा तयार, पण द्यायचे कोणाला?

कर्ता माणूस गेल्यानंतर त्याच्या विम्याच्या रकमेवर आई, पत्नी आणि मुले वेगवेगळे अर्ज घेऊन उभी राहिली, की त्यांच्याइतकीच पंचाईत रक्कम देणाऱ्या संस्थेचीही होते. कारण तिला पैसे बुडवायचे नसतात, त्यांत तिचा स्वतःचा वाटाही नसतो, पण धनादेश चुकीच्या हाती पडला तर तीच रक्कम पुन्हा एकदा भरण्याची पाळी तिच्यावर येऊ शकते. या पेचासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेने 1908 पासून कलम 88 आणि आदेश 35 मध्ये इंटरप्लीडर दाव्याची सोय करून ठेवली आहे. हा दावा मोठा उफराटा असतो. त्यात वादी काही मागत नाही. उलट सर्व हक्कदारांना प्रतिवादी करून तो न्यायालयाला सांगतो, की खर्चापलीकडे या रकमेत आपले काही नाही, प्रतिवादींनी परस्परविरोधी हक्क सांगितले आहेत आणि त्यांच्यापैकी कोणाशीही आपले संगनमत नाही. न्यायालयाने फर्मावल्यास तो रक्कम न्यायालयात भरतो आणि पहिल्याच सुनावणीला दायित्वातून मुक्त होऊन दाव्यातून बाहेर पडू शकतो. त्यानंतर खरा झगडा प्रतिवादींमध्येच चालतो आणि गरज पडल्यास न्यायालय त्यांच्यातीलच एकाला वादी करते. मात्र सर्वांच्या हक्कांचा नीट निकाल लागू शकेल असा दुसरा दावा आधीच चालू असेल, तर हा मार्ग बंद असतो.

दोनदा पैसे भरण्याची भीती पोकळ नाही, हे अमेरिकेत 1916 साली दिसले. एका आयुर्विमा कंपनीने पेनसिल्व्हेनियातील न्यायालयाच्या आदेशाने पॉलिसीची रक्कम वडिलांना दिली, पण त्या आदेशाने मुलगी बांधली जात नाही असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवल्याने कॅलिफोर्नियात तिलाही ती द्यावी लागली. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने विमा कंपन्यांसाठी स्वतंत्र इंटरप्लीडर कायदा केला.

हा पेच आपल्यापासूनही दूर नाही: अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना लोणीला उभा राहिला आणि त्यामागोमाग तालुक्यातालुक्यांत पगारदार कामगारांचा वर्ग तयार झाला, त्यामुळे विमा आणि भविष्यनिर्वाह निधी हे शब्द येथील शेतकरी घरांनाही परके राहिलेले नाहीत. समजा, राहुरीकडच्या एका कारखाना कामगाराने लग्नाआधी 12 लाखांची पॉलिसी घेतली, नामनिर्देशनात आईचे नाव घातले आणि पुढे ते बदलायचे राहूनच गेले. तो वारला तेव्हा मागे आई, वडील, पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी असतील, तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पहिल्या वर्गातील चार वारसांना प्रत्येकी 3 लाख येतात. वडील दुसऱ्या वर्गात मोडत असल्याने त्यांना काहीच मिळत नाही, ही गोष्ट गावात कोणाला सहसा पटत नाही. आई मात्र पॉलिसीवरील आपल्या नावाकडे बोट दाखवते.

ते नाव म्हणजे मालकी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी खटल्यात डिसेंबर 1983 मध्येच स्पष्ट केले होते: नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारणारा हात असते आणि ते पैसे ती वारसांसाठी घेते. 2015 च्या दुरुस्तीने विमा कायद्याच्या कलम 39 मध्ये मात्र आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांच्यापैकी कोणाचे नामनिर्देशन असेल तर ती व्यक्ती रकमेची लाभार्थी हक्कदार ठरेल, अशी तरतूद आली. एवढ्याने वाद मिटायला हवा होता, पण तो आणखी चिघळला. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2025 मध्ये अशाच आई विरुद्ध सून या प्रकरणात दुरुस्तीनंतरही वारसा कायद्याचीच बाजू उचलून धरली आणि आई, पत्नी व मूल यांचा प्रत्येकी एकतृतीयांश वाटा मान्य केला. विम्याबाहेरच्या मालमत्तेपुरता निर्णय अधिक ठाम आहे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्रातील म्युच्युअल फंड आणि मुदतठेवींवरून घरातच निघालेला वाद मुंबई उच्च न्यायालयातून पुढे गेला आणि 14 डिसेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, शेअर वा तत्सम रोख्यांचा नामनिर्देशित मालक होत नाही, असा निकाल दिला. घरोघरी ज्यांच्या पंचांगावरून मुहूर्त काढले जातात, त्यांच्या घरचाच वाद या निकालाचे निमित्त ठरावा हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

विमा कंपनीसाठी 1938 च्या विमा कायद्यात कलम 47 चे वेगळे दार आहे, आणि भारतात आयुर्विम्याच्या बाबतीत इंटरप्लीडरचे काम खरे तर तेच करते. हक्कसांगणीचा गुंता असा, की कोणाचीही पावती घेऊन कंपनीची सुटका होणार नाही, असे तिला वाटले, तर ती रक्कम जेथे देय असेल तेथील जिल्ह्याच्या मुख्य दिवाणी न्यायालयात भरण्यासाठी अर्ज करू शकते. मृत्यूची सूचना मिळाल्यापासून सहा महिने होईपर्यंत अर्ज दाखल होत नाही आणि तो करण्याची मुदत नऊ महिन्यांची, म्हणजे खिडकी जेमतेम तीन महिन्यांची. अर्जात मृत्यूची तारीख आणि ठिकाण, प्रत्येक हक्कदाराचे नाव व पत्ता आणि सुटका का मिळत नाही याची कारणे द्यावी लागतात. मग न्यायालयाची पावती हीच कंपनीची सुटका ठरते आणि निकाल लागेपर्यंत रक्कम सरकारी रोख्यांत गुंतवली जाते. नामनिर्देशित व्यक्ती आधीच वारली असेल, पत्नी म्हणवणाऱ्या दोघीजणी पुढे आल्या असतील किंवा खुद्द नामनिर्देशितावरच खुनाचा संशय असेल (हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम 25 खुन्याला वारसा नाकारते), तेव्हा हे दार विशेष उपयोगी पडते.

तरीही कार्यालये बहुधा तिकडे वळतच नाहीत. वारसांनाच ‘सक्सेशन सर्टिफिकेट आणा’ असे सांगून मोकळी होतात, कारण त्या प्रमाणपत्राच्या आधारे सद्भावनेने पैसे देणाऱ्याला 1925 च्या उत्तराधिकार कायद्याचे कलम 381 संरक्षण देते. कायद्याच्या दृष्टीने यात चूक नाही, पण वकिलाची फी, वर्तमानपत्रातील नोटीस आणि तारखांचे हेलपाटे अशा रीतीने त्या घरावर येतात ज्याचा कमावता हातच गेलेला असतो. तलाठ्याकडची वारसनोंद दाखवून काम भागेल ही समजूतही तेथेच फुटते, कारण ती नोंद सातबाऱ्यापुरती असते.

सरकारने स्वतःच्या योजनेत हा प्रश्न उद्भवूच दिलेला नाही: शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर 2 लाखांचे अनुदान देणाऱ्या गोपीनाथ मुंडे योजनेत पत्नी किंवा पती, मग अविवाहित मुलगी, मग आई असा क्रमच ठरलेला आहे. विम्यात असा क्रम नाही, म्हणून रक्कम अडकून राहते. त्यातच दुसरी पत्नी असेल, तर ती कायद्याने पत्नी ठरली नाही तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 16 मुळे तिची मुले औरस मानली जातात आणि वाटणीचा भाजक एक-दोनाने वाढतो. इंटरप्लीडर दाव्यातून सुटका झालेल्या वादीचा खर्चही न्यायालय त्याच रकमेवर बोजा चढवून वसूल करू देते, त्यामुळे वाद त्या मार्गाने गेला, तर राहुरीच्या त्या 12 लाखांतले चार वारसांच्या हाती पडतात ते सहसा पूर्ण 12 नसतात.