घरच्या पद्मिनीचा वॉटर पंप

सोलापूर, सांगली, बारामती अशा बाजारपेठेच्या गावांत जुन्या वाड्याच्या दारात किंवा दुकानामागच्या गोदामात प्रीमिअर पद्मिनी अद्याप जपून ठेवलेली आढळते. वडिलांनी घेतलेली गाडी विकू नये, एवढ्या एका भावनेने पुष्कळ घरांनी ती राखली आहे. व्यापारी समाजाशी या गाडीचे नाते तसे जन्मापासूनचे. सोलापुरात १८८२ साली जैन व्यापारी घराण्यात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे इटलीच्या फियाटची ११०० ही मोटार बनू लागली आणि १९७४ पासून तिलाच ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. घरोघरच्या पद्मिनी मात्र सणावारी, लग्नकार्याला अजून बाहेर निघतात.

हे क्वचित निघणेच वॉटर पंपाच्या मुळावर येते. पंपाच्या दांड्यावर पाणी अडवणारे एक सील असते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते कोरडे पडते, चिकटते, आणि पुन्हा फिरू लागताच झिरपू लागते. सुदैवाने पंप एकाएकी दगा देत नाही. त्याच्या पोटाखाली एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. सील गेले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तेथून ठिबकते. छिद्राखाली गंजाचा वा पांढरट क्षाराचा ओघळ दिसला की सूचना मिळाली असे समजावे. इंजिन बंद असताना पंख्याचे पाते धरून पुढे-मागे हलवून पाहावे. खडखड जाणवली तर बेअरिंगही झिजले आहे. परंतु तापमानाचा काटा वर गेला म्हणजे दोष पंपाचाच, असे नाही. सैल पट्टा, तुंबलेला रेडिएटर किंवा अडकलेला थर्मोस्टॅट यांनीही इंजिन तापते. तपासणी न करता पंप बदलणे म्हणजे हिशेब न पाहता उधारी लिहून टाकणे होय.

या सूचनेकडे दुर्लक्ष केल्यास प्रकरण पंपापुरते राहत नाही. पद्मिनीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, पण वरचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. फार तापल्यास ॲल्युमिनियम बिडापेक्षा अधिक प्रसरण पावते, हेड वाकते, मधले गॅस्केट फुटते आणि पाणी तेलात मिसळते. तेल दुधाळ दिसू लागले की हेड लेथवर नेण्यावाचून गत्यंतर नाही. त्या खर्चापुढे पंपाची किंमत अगदीच किरकोळ.

या गाडीत हे काम घरी करता येते, कारण तिच्या इंजिनात टायमिंगची साखळी आतच राहते. पंपासाठी तिला हात लावावा लागत नाही. पुष्कळशा नव्या गाड्यांत पंप टायमिंगच्या पट्ट्यावर चालतो आणि तेथे चूक झाली तर व्हॉल्व्ह वाकतात. तसले काम घरी हाती न घेणेच शहाणपणाचे.

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास वाफेने तोंड-हात भाजतात. बॅटरीची तार सोडवून खालचे पाणी पसरट टबात काढावे. किती निघाले ते मोजून ठेवावे. भरताना तोच अंदाज उपयोगी पडतो. पाण्यात कूलंट असेल तर टब क्षणभरही उघडा ठेवू नये. त्यातील ग्लायकॉल चवीला गोड असते आणि थोडे जरी पोटात गेले तरी कुत्र्या-मांजरांचे मूत्रपिंड निकामी करते. अंगणात वा गटारात ते ओतणे म्हणजे मुक्या जिवांपुढे विष ठेवणे. झाकणाच्या डब्यात भरून, वर ‘विष’ असे लिहून, जुने तेल घेणाऱ्या गॅरेजकडे विचारणा करावी.

रेडिएटर काढून घेतल्यास हात मोकळा फिरतो. डायनमोचा बोल्ट सैल करून पट्टा उतरवावा, मग पंखा आणि पुली. खरी कसोटी यानंतर. पंपाचे बोल्ट वर्षानुवर्षे पाण्याजवळ राहून गंजलेले असतात. जोर लावला की मान मोडते आणि तासाभराचे काम आठवड्यावर जाते. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल टाकावे, दुसऱ्या दिवशी बोल्ट थोडा सोडवावा, पुन्हा आवळावा, पुन्हा सोडवावा. बोल्टांची लांबी सारखी नसू शकते, म्हणून पुठ्ठ्यावर पंपाची आकृती काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवावेत.

जुन्या गॅस्केटचा कागद खरवडताना घाई करणाऱ्याचा नवा पंपही गळतो. भोकात स्वच्छ फडके कोंबावे, बोथट पट्टीने कागद काढावा, छिन्नी वापरू नये; ओरखडा उमटला की तेथूनच पाणी वाट काढते. नवे गॅस्केट जुन्यावर ठेवून भोके जुळवावीत, दोन्ही बाजूंस सिलंटचा पातळ हात द्यावा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत. पट्टा अंगठ्याने दाबल्यास सुमारे अर्धा इंच लवावा. त्याहून ताठ पट्टा नव्या बेअरिंगलाच खातो.

भरायचे पाणी कोणते, याविषयी एक गैरसमज आढळतो. घरोघरी पाणी गाळून घेण्याचा नेम असल्याने तेच रेडिएटरला चालेल असे वाटते. वस्त्राने कचरा व सूक्ष्म जीव अडतात, विरघळलेले क्षार अडत नाहीत. बोअरवेलचे पाणी तर सर्वथा टाळावे. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी कूलंटमध्ये मिसळून सावकाश ओतावे, झाकण उघडे ठेवून इंजिन मंद चालू करावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहावे. सैल बाही, ओढणी वा उपरणे पंख्याजवळ येऊ देऊ नये. गावातच छोटी फेरी मारून, गाडी थंड झाल्यावर पातळी व बोल्ट पुन्हा पाहावेत.

पंप मिळतो कोठे? मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड, पुण्यात नाना पेठ, येथील जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करावी. दुकानदाराला नमुना दाखवावा लागतो, म्हणून जुना पंप भंगारात देऊ नये. नवा न मिळाल्यास त्याच घरात लेथवाल्याकडून बेअरिंग व सील बसवून घेता येते.