कोणत्याच कप्प्यात नसलेले काम

समजा, एका संस्थेने पाचशे विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे ईमेलने धाडावयाची ठरविली. कारकुनाने कळ दाबली, पडद्यावर ‘काम स्वीकारले’ असे उमटले. पत्रे मात्र त्याच क्षणी जात नाहीत. वेळखाऊ कामे संगणक एका रांगेत लावून ठेवतो आणि मागे राबणारे कामकरी प्रोग्रॅम ती एकेक उचलून पुरी करतात. या रांगेवर नजर ठेवण्याचा जो फलक, त्यालाच डॅशबोर्ड म्हणतात. तो कसा वाचावा, हे आपण पाहू.

उदाहरणादाखल साइडकिक ही प्रणाली घेऊ. माइक पेरम यांनी ती रुबी भाषेसाठी २०१२ साली तयार केली. तिच्या फलकावर कामे स्थितीप्रमाणे निवडून पाहता येतात. चालू कामे एका कप्प्यात, रांगेत थांबलेली दुसऱ्यात, पुढील वेळेसाठी राखलेली तिसऱ्यात. जे काम चुकले ते पुनर्प्रयत्नाच्या कप्प्यात जाते. पहिला पुनर्प्रयत्न काही सेकंदांनी होतो. पुढे अंतर वाढत जाऊन सुमारे तीन आठवड्यांत पंचवीस प्रयत्न होतात. तरीही यश न आले, तर ते काम ‘मृत’ ठरते. मृतांचा कप्पाही कायमचा नव्हे. मूळ रचनेनुसार त्यात दहा हजार कामे मावतात आणि ती सहा महिने राहतात.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फलकावरील ‘अयशस्वी’ हा आकडा कामांचा नसून फसलेल्या प्रयत्नांचा असतो. एकच काम तीनदा फसून चौथ्यांदा साधले, तरी आकडा तीनाने वाढतो. दुसरे असे, की रांग किती लांब आहे यापेक्षा तिच्यातील सर्वांत जुने काम किती वेळ तिष्ठत आहे, हे अधिक बोलके असते.

परंतु खरी मेख पुढेच आहे. साइडकिक पुरी झालेली कामे साठवून ठेवीत नाही. त्यांची केवळ मोजदाद करते. आता कामकऱ्याने रांगेतून काम उचलले आणि त्याच क्षणी स्मृती अपुरी पडून तो प्रोग्रॅम अकस्मात बंद पडला, तर विनामूल्य आवृत्तीत ते काम हरवू शकते. ते रांगेत नाही, पुनर्प्रयत्नात नाही, मृतांतही नाही. आणि पुरे झालेले कामही नेमके असेच कोठे दिसत नाही! म्हणजे कप्पे चाळणाऱ्याला तडीस गेलेले काम आणि बुडालेले काम सारखेच भासते. ‘अयशस्वी: शून्य’ हे वाचून कारकून निर्धास्त घरी जातो आणि एक मुलगी परीक्षेच्या आदल्या रात्री प्रवेशपत्राची वाट पाहत बसते.

यावर उपाय आपल्या घरातलाच आहे. वाणी रोकड मोजतो ती वहीशी ताडूनच. तसे प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे ‘पत्र रवाना’ अशी स्वतंत्र नोंद व्हावी. ठराविक वेळेने नोंद नसलेली नावे काढावी आणि ती कामे पुन्हा रांगेत लावावी. अर्थात एखादे काम दोनदा झाले तरी बिघाड होऊ नये, अशी त्याची घडण आधीच हवी.

स्थितीनुसार निवड करणे सोयीचे आहे, यात शंका नाही. तथापि ती फलकावर असलेल्यांतूनच निवड करते. जे फलकावरूनच नाहीसे झाले, त्याचा शोध आपल्या वहीनेच घ्यावा लागतो.