मिटलेला लेदर : घरच्या समुद्र-टाकीतील मृदू प्रवाळांच्या दुखण्यांची पारख

काचेच्या टाकीत समुद्र ठेवण्याची हौस आता किनाऱ्यावरील गावांपुरती राहिलेली नाही. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद यांसारख्या, समुद्र क्वचितच दृष्टीस पडणाऱ्या शहरांतही ही हौस बाळगणारे लोक आहेत. मीठ पिशवीतले, पाणी नळाचे आणि लाट विजेच्या पंपाची, असा हा समुद्र. १९६१ साली जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी केवळ सजीव दगड, ऊन आणि हवेचे बुडबुडे यांवर प्रवाळ घरी जगवता येतात, हे एका अमेरिकन मासिकात लिहून दाखविले. त्यांच्याजवळ समुद्र होता. आपल्याजवळ तो नाही, म्हणून आपली काळजी अधिक.

नवखा माणूस बहुधा मृदू प्रवाळापासून आरंभ करतो आणि त्यातही छत्रीच्या आकाराच्या ‘लेदर’पासून. शास्त्रज्ञ त्याला सार्कोफायटॉन म्हणतात. यथावकाश एक दिवस तक्रार येतेच : कालपर्यंत फुललेला लेदर आज मिटला, औषध कोणते घालू?

औषध तूर्त बाटलीतच असू द्यावे. लेदर हा एक प्राणी नसून हजारो प्राण्यांची वसाहत आहे. त्यावरील प्रत्येक फुलाला, म्हणजे पॉलिपाला, आठ पिसासारख्या भुजा असतात. कठीण प्रवाळाप्रमाणे याला दगडी सांगाडा नसतो. अंगात चुन्याच्या बारीक काड्या असतात व आकार मुख्यतः पाण्याने फुगून राहतो. पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशावर साखर तयार करते व तिचा मोठा वाटा यजमानाला देते. अशा जीवाजवळ दुखणे सांगण्याची भाषा एकच : मिटणे. म्हणून मिटणे हा रोग नव्हे, ती खूण आहे आणि तिची कारणे अनेक असतात.

त्यांपैकी एक कारण तर आरोग्याचेच असते. लेदर अधूनमधून कात टाकतो. पृष्ठभाग मेणासारखा चकाकतो, रंग मळकट होतो, वर शैवालाचा थरही धरतो. आणि काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी, तो पापुद्रा सुटून खालून ताजे अंग निघते. अंगावर साचलेली घाण फेकण्याची ही त्याची रीत होय. या काळात त्याला हात लावू नये, जागा बदलू नये. पापुद्रा निघून जाण्यापुरता पाण्याचा झोत मात्र मिळू द्यावा. कात आणि दुखणे यांत फरक कसा करावा? कात टाकणाऱ्याचा देठ ताठ असतो व त्याला दुर्गंधी नसते. आजारी लेदर देठातून लुळा पडतो, अंगावर काळपट डाग किंवा भोक दिसते, तपकिरी बुळबुळीत द्रव सुटतो आणि पाण्याबाहेर काढताच कुजका वास येतो.

कात नसेल, तर संशय प्रथम पाण्यावर घ्यावा. येथे एक साधा हिशेब मांडतो, कारण माझ्या मते निम्मी दुखणी या हिशेबातच सापडतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. १०० लिटरच्या टाकीत ते झाले ३,५०० ग्रॅम. उन्हाळ्यात पंख्याखाली तीन दिवसांत ६ लिटर पाणी उडाले असे समजा. पाणी उडते, मीठ उडत नाही. ९४ लिटरांत तेच ३,५०० ग्रॅम राहिले, म्हणजे लिटरमागे ३७ ग्रॅमांहून अधिक. आता घट भरून काढण्यासाठी कोणी खारे पाणी ओतले, तर ते प्रमाण तसेच राहते आणि पुढच्या खेपेस आणखी चढते. उडालेल्याची भर गोड्या पाण्यानेच, रोज थोडी थोडी करावी. खारे पाणी केवळ पाणी बदलताना. मोजण्याचे साधनही तपासावे. काट्याचे स्वस्त हायड्रोमीटर पुष्कळदा खोटे बोलतात. रिफ्रॅक्टोमीटर बरा, पण तोही ३५च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घेतलेला.

गोडे पाणी म्हणजे नळाचे नव्हे. आर.ओ. यंत्रातून व त्यापुढे आयन काढणाऱ्या राळेतून गेलेले पाणी हवे. आणि आपल्या घरातली एक चांगली सवय येथे घातक ठरते : पाणी तांब्याच्या घागरीत किंवा कळशीत साठविण्याची. माणसाला ते मानवते. प्रवाळ, कोळंबी, शंख यांना तांबे अत्यल्प प्रमाणातही विष आहे. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर दिले जाणारे औषध पुष्कळदा मोरचुदाचेच असते. ते प्रवाळांच्या टाकीत कधीही घालू नये. माशाला वेगळ्या भांड्यात नेऊन उपचार करावा. डासांच्या फवाऱ्याविषयीही सावध असावे. हवेचा पंप खोलीतील हवाच पाण्यात ढकलतो.

उष्णतेचे प्रकरण आपल्याकडे विशेष. २४ ते २७ अंश सेल्सियस हे सुखाचे तापमान. ३०च्या वर पाणी फार दिवस राहिले, तर प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पांढरा म्हणजे मेलेला नव्हे, तो उपाशी आहे. दिवा मंद करून पाणी हळूहळू थंड केल्यास कित्येकदा रंग परत येतो. पाण्यावर पंखा सोडल्याने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, पण मग वरचा हिशेब आठवावा. वीज जाणाऱ्या गावी बॅटरीवरचा हवेचा पंप ही चैन नव्हे.

अतिस्वच्छता हेही एक कारण आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. नायट्रेट व फॉस्फेट शून्यावर आणून ठेवणाऱ्याच्या टाकीत मृदू प्रवाळ झडतात, कारण त्यांना थोडे ‘खत’ लागतेच. नायट्रेट लिटरमागे ५ ते १५ मिलिग्रॅम असले, तर घाबरण्याचे कारण नाही. दिवा नवा लावला असेल, तर तो निम्म्या तेजाने सुरू करून तीन-चार आठवड्यांत चढवावा, इतकेच. झोताविषयी मात्र एक गंमत सांगण्यासारखी आहे. झेनियासारखे काही मृदू प्रवाळ मुठी उघडमीट करीत असतात. त्या कुळातील एका जातीवर इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी तांबड्या समुद्रात अभ्यास केला व २०१३ साली दाखविले की, या हालचालीने अंगाभोवती साचलेला प्राणवायू दूर होतो आणि शैवालाचे काम वाढते. साचलेले पाणी त्यांनाही नको असते.

शेजारी पाहावे, ही सूचना प्रवाळांनाही लागू आहे. लेदर आणि सिन्युलारिया पाण्यात टर्पीन जातीची रसायने सोडून जागेसाठी भांडतात. दाटीच्या टाकीत कठीण प्रवाळ त्यामुळे खंगतात. धुतलेला सक्रिय कोळसा गाळणीत ठेवून तो महिन्याने बदलला की, हे भांडण बरेच निवळते. एखादा विदूषक मासा लेदरलाच घर समजून दिवसभर त्यात लोळत असेल, तरीही तो मिटून राहतो.

कारण शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी व आठवडाभर वाट पाहावी. मीठ, दिवा आणि जागा एका दिवशी बदलणाऱ्याला गुण आला तरी कशाने आला, हे कळत नाही.

कुजणे सुरू झाले असेल, तर मात्र वाट पाहू नये. लेदर वेगळ्या भांड्यात टाकीच्याच पाण्यात काढावा, धारदार पात्याने कुजका भाग थोड्या निरोगी अंगासह कापून टाकावा, उरलेला धुऊन चांगल्या झोतात ठेवावा. मृदू प्रवाळ कापल्याने मरत नाही. निरोगी तुकडा सैल दोऱ्याने किंवा जाळीने दगडावर धरून ठेवला, तर काही आठवड्यांत चिकटतो. असे वाढविलेले तुकडेच एकमेकांना द्यावेत. समुद्रातून काही उचलून आणू नये. कठीण प्रवाळ व समुद्रपंखे यांना २००१ सालापासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

कापताना हातमोजे व डोळ्यांवर चष्मा हवाच. लेदरपेक्षाही बटनांसारख्या दिसणाऱ्या झोअँथिड व पॅलिथोआ यांच्याबाबत हे काटेकोर पाळावे. त्यांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते. ते १९७१ साली हवाई बेटांवरील अशाच एका जीवातून वेगळे काढण्यात आले. असे दगड उकळू नयेत, गरम पाण्याने घासू नयेत, कारण वाफेबरोबर व तुषारांबरोबर विष श्वासात जाते. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. डोळ्यांत पाणी उडाले, तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे. दम लागला, ताप आला किंवा छातीत दुखू लागले, तर रुग्णालय गाठावे आणि ‘पॅलिटॉक्सिन’ हे नाव कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्यावे, कारण हे विष त्यांच्या पाहण्यात क्वचितच आलेले असते.