कृषिदूत गावात आले, त्यांना काम काय द्यायचे?

पावसाळा लागला की डहाणू-तलासरीच्या एस.टी.तून पाठीवर सॅक, हातात छत्री आणि डोक्यावर महाविद्यालयाची टोपी घातलेली मुले उतरू लागतात. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची ही मुले. मुलगा असला तर कृषिदूत आणि मुलगी असली तर कृषिकन्या. ग्रामीण कृषी जागरूकता व कार्यानुभव असे कार्यक्रमाचे लांबलचक नाव आहे, मुले त्याला नुसते ‘रावे’ म्हणतात. तीन वर्षे वर्गात शिकायचे आणि मग एक सत्र शेतकऱ्याच्या बांधावर, अशी ही योजना. २५ जुलै २०१५ रोजी केंद्राने ‘स्टुडंट रेडी’ हा कार्यक्रम सुरू केला, त्यातही हा कार्यानुभव आहे. कागदावर यात खोट काढायला जागा नाही.

प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. एका पाड्यावर ऑगस्टच्या मध्याला कृषिकन्यांनी भाताच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक ठेवले. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, त्यात बियाणे ओतले, पोचट दाणे वर तरंगले, ते काढून टाकले. सगळे अगदी बरोबर. फोटो निघाले, हजेरीवर सह्या झाल्या. पण गावात आवणी उरकून तीन आठवडे झाले होते! मागे उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, “बाय, हे रोहिणीत सांगाया यायचं होतं.” मुली ओशाळल्या. त्यांचा दोष नव्हता. त्यांच्या वेळापत्रकात ते प्रात्यक्षिक त्या आठवड्यात लिहिलेले होते.

दुसरी तऱ्हा वाडीवाल्यांची. पदविका करताना मी स्वतः चार आठवडे एका चिकूच्या वाडीवर होतो. चारही आठवडे पेट्या मोजल्या आणि उचलल्या. शेवटी ‘काम समाधानकारक’ असा दाखला मिळाला. झाडावर कोणती कीड आहे हे मला कोणी विचारले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही. जे काही शिकलो ते फळे वेचणाऱ्या एका वारली मावशींकडून. फळाची साल नखाने किंचित खरवडायची. खाली हिरवे दिसले तर कच्चे, पिवळट दिसले तर काढणीला आले. मावशींना नख लावायचीही गरज पडत नसे, नुसत्या हाताने कळे. ते शिक्षण कोणत्याही दाखल्यात आले नाही.

म्हणजे एका ठिकाणी विद्यार्थी पाहुणा झाला आणि दुसऱ्या ठिकाणी बिनपगारी मजूर. दोन्हीकडे त्याच्या अंगावर कसलीच जबाबदारी नव्हती.

थोडे दूरचे उदाहरण देतो. जर्मनीत अडथळ्यांवरून उड्या मारणारे, स्पर्धेचे घोडे तयार करणारे फार्म आहेत. घोडे सांभाळणे हा तिथे तीन वर्षांचा रीतसर शिकाऊ अभ्यासक्रम आहे. शिकाऊ उमेदवाराला तबेल्यातील लीद काढावीच लागते, त्यातून सुटका नाही. पण त्याला महिन्याला विद्यावेतन मिळते, सोबत शाळाही असते, आणि फार्मवर शिकवणारा माणूस मान्यताप्राप्त असावा लागतो. उमेदवाराने आपण काय केले, काय शिकलो याची वही ठेवायची आणि शिकवणाऱ्याने ती तपासून सही करायची. वही नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. लीद काढणे हे कामही आहे आणि शिक्षणही आहे. फरक पडतो तो त्या वहीने आणि त्या सहीने. आपल्याकडे सही मागितली की मिळते, कारण ‘पोरांचं नुकसान नको.’

मग काम काय द्यावे? चिकूच्या वाडीत अगदी हातचे काम आहे, मोजणीचे. पावसात फायटोप्थोरा बुरशीने फळे गळतात आणि बी पोखरणाऱ्या अळीनेही नुकसान होते. आपण म्हणतो, “यंदा गळ फार आहे.” फार म्हणजे किती? कोणी मोजलेले नसते. विद्यार्थ्याला वाडीतली १० झाडे नेमून द्या. आठ आठवडे, ठरलेल्या वारी, त्या झाडांखालची गळलेली फळे त्याने मोजायची. फळ कापून पाहायचे, बुरशीने कुजलेले किती, अळीचे किती. मोजून झाली की फळे वाडीबाहेर नेऊन नष्ट करायची. मालकाला आकडा मिळेल, विद्यार्थ्याला कीड आणि रोग ओळखता येईल.

फवारणीही त्यालाच करू द्या, पण तुमच्या देखत. एक टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. दोन्ही द्रावणे वेगवेगळी करायची, भांडे प्लास्टिकचे. मिश्रण तयार झाले की त्यात लोखंडी खिळा बुडवायचा. खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, अजून घालायचा. परीक्षेत हे सगळ्यांना लिहिता येते. खिळा हातात धरलेली मुले मात्र मला थोडीच भेटली.

तलासरीकडे वाड्या कमी, भात जास्त. तिथे एक गुंठा द्या, फक्त एक. मुले जुलैच्या सुरुवातीला आली तर त्या गुंठ्यात दोरीवर चारसूत्री लावणी करता येते. चार चुडांमध्ये युरिया-डीएपीची एक गोळी खोचायची. गुंठ्याला सव्वासहाशे गोळ्या लागतात, वजन पावणेदोन किलोच्या आत. शेजारचा एक गुंठा नेहमीच्या पद्धतीने ठेवायचा. दोन्हीतले फुटवे मुलांनी मोजायचे, आणि हळवा भात असेल तर मळणीचे वजनही त्यांनीच करायचे. गोळीवाला गुंठा मागे पडला तर तेही लिहायचे. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या खात्याच्या प्रात्यक्षिकातसुद्धा हरलेला प्लॉट सहसा कोणी दाखवत नाही.

ग्रामपंचायतीकडेही थोडे काम आहे. मुलींच्या राहण्याची सोय हा पहिला प्रश्न. शाळेची रिकामी खोली दिली की झाले असे नाही. दिवा, पाणी, संडास आणि जवळ एखादे कुटुंब राहते का, हे सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (आपले पूर्वीचे ग्रामसेवक भाऊसाहेब) आधी जाऊन पाहावे. दुसरे, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत या मुलांना अर्धा तास द्यावा. दोन्ही तालुके पेसाखाली आहेत, पाड्यापाड्याला ग्रामसभा भरते. तिथे मुलांनी आपले आकडे वाचून दाखवावेत. वाडीवाला, मजूर, म्हातारी, सगळे समोर असतील आणि चूक असेल तर लगेच सांगतील. महाविद्यालयातल्या तोंडी परीक्षेपेक्षा ही अवघड.

शेतकऱ्याने सही वही पाहूनच करावी. आठपैकी पाच आठवडे मोजले असतील तर पाचच लिहावेत.

एक अडचण राहतेच. मुले येतात तेव्हा भाताचा निम्मा हंगाम सरलेला असतो. तारीख गावाने ठरवायची नाही, महाविद्यालयाने ठरवायची. पण बीजप्रक्रिया जमत नसेल तर ती सोडून बोर्डो, फुटवे आणि फळगळ घेता येते, एवढे तर आपण त्यांच्या शिक्षकांना सांगू शकतो. सरपंचांनी तसे पत्र दिले तर बरे.

ज्यांना आपल्या वाडीवर किंवा शेतावर विद्यार्थी हवा आहे त्यांनी मे महिन्यातच मंडळ कृषी कार्यालयात किंवा कोसबाड टेकडीवरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून ठेवावे. गोखले एज्युकेशन सोसायटीचे हे केंद्र १९७६ पासून आहे, जुन्या शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको. जाताना कोणती १० झाडे किंवा कोणता गुंठा देणार हे मनाशी ठरवून जावे.