दुष्काळ आणि पूर एकाच शिवारात : भाकरीचा हिशोब पुन्हा मांडायला हवा

माढा आणि करमाळा हे सोलापूर जिल्ह्यातले दोन तालुके. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शासनाने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्या यादीत ही दोन्ही नावे होती. त्या वर्षीचा ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींत देशात सर्वांत कोरडा गेला होता. पुढे दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, याच तालुक्यांत सीना नदी पात्र सोडून शिवारात शिरली. उभी पिके पाण्याखाली गेली, कित्येक ठिकाणी वरची काळी माती खरवडून निघाली. जिथे प्यायला टँकर लागले, तिथेच माणसे होडीतून बाहेर काढावी लागली.

पारावर बसलेली म्हातारी माणसे म्हणतात, "पाऊस पहिल्यासारखा राहिला न्हाई." ही नुसती कुरकुर नव्हे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते. म्हणून पाऊस दडी मारतो तेव्हा लांब मारतो आणि येतो तेव्हा महिन्याचा पाऊस दोन दिवसांत ओतून जातो. वर्षाची सरासरी कागदावर बरोबर दिसते. शेतातले पीक मात्र दोन्हीकडून मरते. २०२४ हे वर्ष जगात आजवरच्या नोंदींत सर्वांत उष्ण ठरले, तेव्हा हे लवकर निवळेल अशी आशा धरून चालणार नाही.

मग अशा हवामानात खायचे काय आणि पेरायचे काय? हे दोन प्रश्न आपण वेगळे समजतो. खरे तर प्रश्न एकच आहे. ताटात जे वाढले जाते तेच शिवारात टिकते, आणि ताटातून जे उतरले ते शिवारातूनही उतरते. ज्वारीचे नेमके तेच झाले.

ज्वारी मागे का पडली?

१९७० च्या सुमारास देशात पावणेदोन कोटी हेक्टरांच्या आसपास ज्वारी होती. आज ती चाळीस लाख हेक्टरांच्या घरात आली आहे. ज्वारीचे घर म्हणजे महाराष्ट्र, आणि त्यातही रब्बी ज्वारीचे कोठार म्हणजे सोलापूर, नगर, बीड, धाराशिवचा पट्टा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेला 'एम ३५-१' हा वाण नव्वद वर्षांच्या आसपास झाली तरी अजून शेतात उभा आहे. एवढे आयुष्य लाभलेले वाण देशात फार थोडे असतील.

तरी ज्वारी हटली, आणि त्यात शेतकऱ्याचा दोष शोधण्यात अर्थ नाही. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला त्यांना रेशनवरची लाल मिलो आठवत असेल. पुढे गहू-तांदूळ सरकारी खरेदीत आले, गोदामात गेले आणि गोदामातून गावोगावच्या रेशन दुकानात पोचले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्य ठरवले. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. गरिबाच्या पोटाला याचा आधार मोठा आहे, त्याविषयी दुमत नाही. पण त्या पोत्यात बहुतेक वेळा गहू आणि तांदूळच असतो. ज्या गावात ज्वारी पिकते त्या गावात दुसऱ्या राज्यातला गहू फुकट येतो, आणि घरची ज्वारी विकत घेऊन खावी लागते. अशा वेळी भाकरीची पोळी झाली तर नवल काय?

दुसरे कारण मजुरीचे. रब्बी ज्वारी उपटून काढावी लागते, कणसे खुडावी लागतात, पाखरे राखावी लागतात. माळ्यावर बसून गोफण फिरवणारी पोरे आता शाळेत असतात, आणि ते योग्यच आहे. "ज्वारी परवडत न्हाई हो, काढायला माणूस मिळत न्हाई," हे वाक्य कुठल्याही बांधावर ऐकायला मिळते. तिकडे सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसांत रोख पैसा देते, आणि उसाला कारखाना आहे.

गव्हाचा इशारा

आता हवामानाची बाजू पाहू. मार्च २०२२ हा देशातला शतकभरातला सर्वांत तापलेला मार्च ठरला. उत्तरेत गव्हाचा दाणा भरायच्या वेळेसच गरम वारे सुटले, दाणा बारीक पडला. १३ मे २०२२ रोजी केंद्र सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. तापमान एक अंशाने वाढले की जगभरात गव्हाचे उत्पादन सरासरी सहा टक्क्यांनी घटते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. साऱ्या देशाने दोनच धान्यांवर पोट बांधले, तर एका खराब मार्चचा फटका प्रत्येक चुलीला बसतो.

ज्वारीची घडण वेगळी. ती उन्हातही हवेतला कर्ब काटकसरीने वापरते. पानावर मेणाचा थर असतो, ताण पडला की पान गुंडाळून घेते आणि ओल वाचवते. खोल काळ्या रानात परतीच्या पावसाची ओल धरून ती पुढे पाऊस नसतानाही दाणा भरते. सोलापूरचा वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. उसाला लागते दोन हजारांच्या पुढे. बाकीचे पाणी कुठून येते, ते धरणाला आणि बोअरलाच विचारावे.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याने ध्यानात घ्यावी. हवामान बदलाचा फटका शेतीला बसतो हे खरे, पण शेतीचाही त्यात वाटा आहे. शेतापासून ताटापर्यंतचा सारा व्यवहार धरला तर माणसाने हवेत सोडलेल्या उष्णता धरणाऱ्या वायूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश वायू त्यातून निघतात. पाणी साचलेल्या भातखाचरातून मिथेन निघतो. जादा टाकलेल्या युरियातून नायट्रस ऑक्साइड निघतो, आणि तो कर्बवायूच्या अडीचशे पटींहून अधिक उष्णता धरतो. कोरडवाहू ज्वारीला खत बेताचे आणि पंपाची वीज जवळजवळ शून्य. म्हणजे भाकरी खाणाऱ्याचा भार जमिनीवरही कमी आणि हवेवरही कमी.

मात्र ज्वारी म्हणजे जादूची कांडी नव्हे. खरीप ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली की दाणा काळा पडतो. रब्बीची पेरणी लांबली की ओल तुटते आणि खोडमाशी पोंगा मारते. मक्यावर २०१८ साली देशात आलेली अमेरिकन लष्करी अळी ज्वारीवरही दिसते. तेव्हा जुने ते सोने एवढ्यावर थांबून चालणार नाही. जुन्या पिकाला नवी शिस्त लावावी लागेल.

एक एकर घरासाठी

हिशोब साधा आहे. पाच माणसांच्या घराला महिन्याला २५ किलो ज्वारी धरली तर वर्षाला तीन क्विंटल लागते. मध्यम रानात कोरडवाहू एकरी चार क्विंटल जरी धरली, तरी एका एकरात घराची वर्षाची भाकरी होते, वर क्विंटलभर उरते. २०२५-२६ च्या हंगामासाठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये होता. त्या भावाने चार क्विंटलचे जवळपास पंधरा हजार होतात. शिवाय कडबा वेगळा. ज्याच्या दावणीला दोन जनावरे आहेत त्याने कडब्याचा चालू भाव बाजारात विचारून पाहावा आणि मगच ज्वारी परवडत नाही असे म्हणावे. सोयाबीनच्या भुसकटावर दुभते जनावर किती दिवस काढेल, हे आपल्याला ठाऊक आहेच.

ऊस मोडा, सोयाबीन सोडा, असे इथे सुचवायचे नाही. घरापुरती एक एकर ज्वारी धरा, एवढेच म्हणणे आहे. सप्टेंबरच्या पावसाने खरीप गेला तरी तोच पाऊस रब्बीची ओल देऊन जातो. एक हंगाम बुडाला तर दुसरा हात देईल, अशी जोडणी हवी.

पेरताना राहुरी विद्यापीठाची शिफारस सोपी आहे. हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यम रानात फुले सुचित्रा, खोल काळ्या रानात फुले वसुधा किंवा फुले यशोदा. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, म्हणजे उत्तरा-हस्ताच्या ओलीवर. हेक्टरी दहा किलो बी, आणि काणी टाळण्यासाठी किलोला चार ग्रॅम गंधक चोळावे. रान रिकामे असेल तर पावसाळ्यातच उताराला आडवे वाफे पाडावेत. पाणी पळत नाही, जागच्या जागी मुरते. पुढे कोळपणी चुकवू नये. शेवटची कोळपणी भेगा बुजवण्यासाठी असते, ती तणासाठी आहे असे समजून टाळली तर ओल भेगांतून उडून जाते. पुराने ज्यांची माती वाहून गेली त्यांचे खोल रान आता हलके झाले असेल. त्यांनी वाण निवडताना रान नव्याने खणून पाहावे.

ग्रामसभेत काय मांडाल?

काही गोष्टी एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाहीत. शेजारच्या कर्नाटकात हमीभावाने घेतलेली ज्वारी आणि नाचणी रेशनवर वाटली जाते. ओडिशाने २०१७ पासून नाचणीसाठी मोहीम चालवली. आपल्याकडेही ज्वारी मधूनमधून रेशनवर आली, पण मधूनमधून आलेल्या पाहुण्यावर संसार चालत नाही. अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याला जागा आहे. जिल्ह्यात पिकलेली ज्वारी जिल्ह्यातच खरेदी करून जिल्ह्यातच वाटावी, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेने घ्यावा. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. फलक लागले, भाषणे झाली. ते वर्ष सरले, पण खरेदी केंद्राची वाट पाहणारे शेतकरी अजून आहेत.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या तोंडी अजून ग्रामसेवकांनी, आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांनी मिळून तीन कामे हाती घ्यावीत. पहिले, सोयाबीन काढणीआधीच गावाची बियाण्याची मागणी नोंदवावी. दुसरे, ई-पीक पाहणीत ज्वारीची नोंद राहणार नाही असे होऊ देऊ नये. सातबाऱ्यावर पीक नसेल तर हमीभावाच्या केंद्रावर पोते परत येते. तिसरे, अंगणवाडी आणि शाळेच्या आहारात आठवड्यातून एकदा तरी गावच्या ज्वारीला जागा मिळावी यासाठी पाठपुरावा करावा. भाकरीची चव लहानपणी लागली तरच पुढे टिकते.

काढणीच्या मजुरीवर आपल्याकडे जुना उपाय आहे, सावड. चार घरांनी मिळून आज याचे रान, उद्या त्याचे रान काढायचे. मोडलेली सावड पुन्हा जुळवायला ना अनुदान लागते, ना मंजुरी.

पूर्वी गावात पेव असे. त्यातले धान्य एक वाईट वर्ष काढून देई. आता वाईट वर्षे पाठोपाठ येऊ लागली आहेत आणि आपले पेव मात्र दुसऱ्याच्या गोदामात आहे. येत्या उत्तरा नक्षत्रात तिफण जोडण्याआधी घरात बसून एकदा मोजा : आपल्या घराला वर्षाला भाकरी किती लागते आणि त्यातली आपल्या रानातली किती? उत्तर शून्य येत असेल, तर निदान एक एकर बाजूला काढा.