गाणे, गोष्ट, खेळ आणि अक्षर : रत्नागिरीच्या वाड्यांवरील भाषाशिक्षण

मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या रत्नागिरी जिल्ह्यात गाव म्हणजे सलग वस्ती नव्हे, तर डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांचा समूह. त्यामुळे येथील अंगणवाडी आणि प्राथमिक शाळा पुष्कळदा एखाद्या वाडीपुरती, थोड्या पटाची आणि एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळणारी असते. या शाळांविषयीची चर्चा पटसंख्येपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. त्या पटावरील मूल भाषा कशी शिकते, हा अधिक मूलभूत प्रश्न मागे राहतो. लहान मुलाला गाणी, गोष्टी आणि खेळ यांतून शिकवावे, हे आज कोणी नाकारत नाही, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा ‘पायाभूत स्तर’ मानून त्यावर शिक्कामोर्तबही केले आहे. प्रश्न उरतो तो गाण्याच्या स्थानाचा : पाठ सुरू होण्यापूर्वीची ती करमणूक आहे, की तोच पाठ आहे?

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले गेले. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला सुरू केलेल्या बालमंदिरात काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला, अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या, आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने गावाला परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी बिया, पाने, शंख-शिंपले आणि खडे यांनाच साधन बनवले. आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, या विचारातून ‘अंगणवाडी’ आकाराला आली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ते नाव देशभर पोहोचवले. नावाबरोबर त्यामागची दृष्टी मात्र तितकी दूरवर पोहोचली नाही.

गाण्याचे भाषिक कार्य समजून घेण्यासाठी ‘ध्वनिभान’ ही संकल्पना उपयोगी पडते. बोललेला शब्द लहान-लहान आवाजांचा बनलेला आहे आणि ते आवाज सुटे करता येतात, जोडता येतात, बदलता येतात, ही जाणीव म्हणजे ध्वनिभान; वाचनाचा पाया तीच घालते. आता कोकणातील फळांची नावे टाळ्या वाजवीत म्हणून पाहावीत. ‘आंबा’ला दोन टाळ्या पडतात आणि लिहिताना अक्षरेही दोनच. ‘फणस’ मात्र तोंडाने ‘फ-णस’ असा दोन ठोक्यांत उच्चारला जातो, पण पाटीवर त्याची अक्षरे तीन होतात. ‘करवंद’ही दोन ठोक्यांत आटोपते आणि लिहिताना चार अक्षरे मागते. मराठी जशी बोलावी तशी लिहिली जाते, असे सरसकट सांगितले जाते. परंतु लिहिताना असलेला आणि उच्चारात गळणारा हा ‘अ’ नवशिक्या मुलाला अडवतो, आणि ज्या मुलाने टाळीच्या खेळात शब्द आधी फोडून पाहिला आहे, त्याला ती अडचण निदान ओळखीची तरी वाटते. बडबडगीतातील यमक नेमके हेच काम करते, म्हणून निरर्थक शब्दांचे गाणेही शिक्षणाच्या दृष्टीने निरर्थक नसते.

खेळातही भाषेचा ठेवा असतो. विटीदांडूतील ‘वकट, लेंड, मूंड’ ही मोजणी तेलुगू संख्यावाचकांशी नाते सांगते. शेजारच्या भाषेचे अंक मराठी मुलांनी शाळेविना, पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांभाळले. गौरी-गणपतीत जाखडी नाचाचा फेर धरला जातो, तेव्हा शक्तिवाले आणि तुरेवाले हे दोन पक्ष सवाल-जबाब करतात. शेजारी बसलेल्या मुलाला त्यातील पुराणकथा समजत नसली तरी प्रश्नाची चढती लय आणि उत्तराचा मोड ते कानाने टिपते. ही श्रवणाची शिकवणी फार मोलाची आहे.

गोष्टीचे बलस्थान पुनरावृत्तीत आहे. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत कावळा पुन:पुन्हा दार ठोठावतो आणि चिमणी दर वेळी नवी सबब सांगते. तिसऱ्या खेपेला मूल पुढील वाक्य स्वतः म्हणू लागते. वाक्याचा साचा कायम ठेवून त्यात एकच शब्द बदलायचा, ही व्याकरणाची पहिली कृती मूल येथे कोणत्याही नियमाविना करते.

यापुढचा मुद्दा घरच्या बोलीचा. संगमेश्वरी बोलीच्या घरातून, खारवी किंवा दालदी वस्तीतून आलेले मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाले की त्याला तत्काळ दुरुस्त केले जाते, आणि दोन-चार वेळा असे झाले की ते बोलणेच थांबवते. बोलीभेद आणि शाळा यांच्या संबंधात फलटणचे एक उदाहरण बोलके आहे : तेथील मराठीतील सामाजिक भेदांचा अभ्यास केलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी १९७८ मध्ये तेथेच प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने मुलांच्या वाचन-लेखनाला आयुष्य वाहावे, ही घटना शिक्षकांनी अवश्य अभ्यासावी अशी आहे. मुलाने गोष्ट स्वतःच्या बोलीत सांगावी, शिक्षिकेने ती त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहावी आणि प्रमाण रूप नंतर शेजारी मांडावे, हा क्रमच न्याय्य आहे. याच जिल्ह्यातील पालगडला जन्मलेल्या साने गुरुजींनी बायकांच्या ओठांवरील ओव्या ‘स्त्री-जीवन’मध्ये संग्रहित केल्या, तेव्हा त्यांनीही बोलीला ग्रंथाची प्रतिष्ठा दिली होती.

आजचे चित्र याच्या उलट दिसते. सकाळी हातवारे करून एक गाणे होते, मग गाणे संपते आणि मुळाक्षरे घोटणे सुरू होते. गाण्यातला शब्द फळ्यावर येत नाही आणि फळ्यावरचा शब्द गाण्यात जात नाही. ही फारकत हाच खरा दोष आहे, साधनांचा अभाव हा नव्हे. उलट, लहान पटाच्या शाळेत चौथीतील मुलगी पहिलीच्या मुलांना गोष्ट सांगू शकते, ही सोय शहरातील मोठ्या वर्गाला सहजी मिळत नाही.

वाड्यांतील पुष्कळ घरे आता गणपती, शिमगा आणि मे महिन्यापुरतीच उघडतात, आणि त्या घरांबरोबर गाणी, कोडी व मोजण्याही कुलूपबंद होतात. म्हणून मुंबईहून सुटीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना एकच विनंती : घरातील आजीला येणारे एक गाणे, एक गोष्ट किंवा एक खेळ तिच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावा आणि परत निघण्यापूर्वी ती वही वाडीच्या अंगणवाडीताईंच्या हाती द्यावी.