ॲड्युसिन: पेशीच्या सांगाड्यातून रक्तदाबापर्यंत

पेशीच्या सांगाड्याला आपण फार काळ केवळ आधार मानत आलो. ॲक्टिनचे तंतू पेशीला आकार देतात, त्यांना बांधणारी प्रथिने तो आकार टिकवतात, एवढ्यावर पाठ्यपुस्तकातले वर्णन बहुधा थांबते. ॲड्युसिन या प्रथिनाची उंदरांमधली हकिगत पाहिली की हे वर्णन अपुरे असल्याचे पटते. सांगाड्याला धरून ठेवणारे हे प्रथिन सोडियमची ने-आण आणि रक्तवाहिन्यांचा ताण यांच्या नियमनातही भाग घेते. अमेरिकेत व्हॅन बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात ते तांबड्या रक्तपेशींच्या पटलात ओळखले. ॲक्टिनच्या तंतूचे जे टोक झपाट्याने वाढते त्याला ॲड्युसिन टोपी घालते आणि तिथेच स्पेक्ट्रिनला जोडून घेते. कॅल्शियमच्या इशाऱ्यावर चालणारे कॅल्मॉड्युलिन ही पकड सैल करते. म्हणजे मुळातच ही जोडणी कायमची नाही. इशारा मिळाला की ती बदलते. ॲड्युसिनचे अल्फा, बीटा आणि गॅमा असे तीन प्रकार असून प्रत्येकाचे जनुक वेगळे आहे.

या प्रथिनाचा रक्तदाबाशी संबंध मिलानमध्ये उघड झाला. ज्युसेप्पे बिआंकी यांच्या गटाने विस्टार जातीच्या प्रयोगशाळेतील उंदरांमधून उच्च रक्तदाबाचा एक वाण आणि सामान्य रक्तदाबाचा एक वाण पिढ्यानुपिढ्या निवडून तयार केला. १९७४ साली त्यांनी दोन्ही वाणांमध्ये मूत्रपिंडांची अदलाबदल केली. मूत्रपिंड ज्या वाणाचे, रक्तदाबाचा कल त्या वाणाकडे झुकला. दोषाचा पत्ता इतक्या थेटपणे सांगणारा पुरावा या क्षेत्रात क्वचितच मिळतो. पुढे १९९४ मध्ये याच गटाने दाखवले की दोन वाणांच्या अल्फा-ॲड्युसिनमध्ये ३१६व्या जागी फरक आहे: एकात फेनिलॲलनिन, तर उच्च रक्तदाबाच्या वाणात टायरोसिन. बीटामध्येही एका अमिनो आम्लाचा फरक सापडला. हे दोन फरक एकत्र आले तर दोन वाणांच्या रक्तदाबातल्या तफावतीचा निम्म्यापर्यंतचा भाग त्यांच्याकडे जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

एक अमिनो आम्ल बदलल्याने रक्तदाब कसा वाढावा? बदललेले अल्फा-ॲड्युसिन उंदराच्या मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये घातले, तेव्हा ॲक्टिनची मांडणी बदलली आणि सोडियम-पोटॅशियम पंपाचे काम वाढले. हा पंप मूत्रपिंडाच्या नलिकांमधून सोडियम परत रक्ताकडे ढकलतो. डोपामिनसारखा इशारा आला की निरोगी पेशी काही पंप पटलावरून आत ओढून घेते आणि सोडियमचे परत शोषण कमी होते. बदललेले ॲड्युसिन असताना ही ओढ नीट होत नाही, पंप पटलावरच राहतात, शरीरात मीठ आणि पाणी साठते. सांगाडा आधार आणि नियमन ही दोन्ही कामे एकाच वेळी करतो, हे इथे अगदी स्पष्ट दिसते.

यावर गंभीर आक्षेप माणसांकडून येतो. १९९७ साली अल्फा-ॲड्युसिनमधील एक फरक इटलीतील रुग्णांच्या मीठ-संवेदनशील रक्तदाबाशी जोडला गेला; पुढच्या अनेक पाहण्यांमध्ये मात्र ते नाते टिकले नाही किंवा वेगवेगळ्या लोकसमूहांत वेगवेगळे दिसले. याचा अर्थ मिलानचे काम फसले असा काढणे मला मान्य नाही. हजारो माणसांच्या पाहणीत विचारला जातो तो प्रश्न असा: लोकसंख्येतल्या रक्तदाबाच्या फरकात या जनुकाचा वाटा किती? उंदरांचा प्रयोग विचारतो: हे प्रथिन बिघडले तर शरीरात काय घडते? आहार, वय आणि इतर असंख्य जनुके वेगळी असताना पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुसट येणारच. त्याने दुसरे उत्तर खोटे ठरत नाही. अर्थात, याच कारणाने ॲड्युसिनला ‘रक्तदाबाचे जनुक’ म्हणणेही चूक आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक तगडा वाटतो. अंतर्प्रजननाने घडवलेल्या वाणांत शेकडो फरक योगायोगाने स्थिर होतात. मग बोट ॲड्युसिनकडेच का? मिलानमध्ये दोन वाणांचा संकर करून पुढच्या पिढीत जनुक आणि रक्तदाब एकत्र चालतात का, हे तपासले गेले. त्याहून पक्के उत्तर मिसिसिपीतील जॅक्सन येथे रिचर्ड रोमन यांच्या गटाकडून आले, आणि ते गॅमा-ॲड्युसिनबद्दल आहे. फॉन-हूडेड या उच्च रक्तदाबाच्या वाणात या प्रथिनातले ५७२वे अमिनो आम्ल बदललेले आहे. रक्तदाब वाढला की निरोगी उंदरात मूत्रपिंडातल्या नाजूक गाळणीकडे जाणाऱ्या धमनिका आपोआप आकसतात आणि तिला वाचवतात. या वाणात त्या पुरेशा आकसत नाहीत, दाब थेट गाळणीवर येतो आणि प्रथिने लघवीवाटे जाऊ लागतात. संशोधकांनी या वाणात निर्दोष गॅमा-ॲड्युसिनचे जनुक घातले, तेव्हा आकसण्याची क्षमता परतली. उलट निरोगी उंदरात ते जनुक निकामी केले, तर तीच क्षमता ढासळली. घातले की सुधारते, काढले की बिघडते, अशी दुहेरी कसोटी लागल्यावर शेजारच्या जनुकांवर संशय घ्यायला फारशी जागा उरत नाही. याच वाणात मेंदूच्या धमन्यांमध्येही तोच दोष दिसतो.